प्रलयानंतरची शपथ

नोहाची गोष्ट अजिबात ऐकलेली नाही असा वाचक सापडणे कठीण. तारू, त्यात जोडीजोडीने चढणारे प्राणी, चोचीत जैतुनाचे पान घेऊन परतणारे कबुतर आणि शेवटी ढगांत उमटलेले धनुष्य, एवढ्या ऐवजावर ती लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकात आटोपते. तारवाबाहेर काय घडले याचे चित्र त्या पुस्तकात नसते. मोठी माणसे ही गोष्ट सांगतात तेव्हा तीही एक सोपा हिशेब मांडतात: दुष्टांचा न्याय झाला, सज्जन नोहावर दया झाली. हा हिशेब ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांना लागू पडत नाही, असे मला या प्रस्तावनेत म्हणायचे आहे. प्रलयाआधी परमेश्वराला दिसते की माणसाच्या मनात येणारे सगळे विचार सदोदित वाईटच असतात. म्हणून त्याला भूतलावरून नाहीसे करायचे ठरते. पुढे पाणी चढते, ओसरते, नोहा वेदी बांधून होम करतो, आणि परमेश्वर आपल्या मनाशी म्हणतो की यापुढे माणसापायी भूमीला शाप देणार नाही, सर्व जिवांचा संहार करणार नाही. त्याचे कारणही तो सांगतो: माणसाच्या मनातल्या कल्पना बालपणापासून वाईटच असतात. म्हणजे शिक्षेला जे कारण दिले होते, तेच माफीलाही दिले आहे. मधल्या काळात माणूस तसूभरही सुधारलेला नाही. बदलला आहे तो देवाचा निश्चय. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की कथेचा भार नोहाच्या सुटकेवरून उचलला जातो आणि पाणी ओसरल्यानंतरच्या त्या शपथेवर येऊन पडतो. कथेतला खरा दयेचा क्षण तोच आहे.

हे चार अध्याय सलग वाचणाऱ्याला काही गाठी लगेच लागतात. एके ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायची आज्ञा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या. पाऊस चाळीस दिवस पडतो, पण पाण्याचा जोर दीडशे दिवस टिकतो. देवाचे नावही मध्येच बदलते. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या पदरी असलेला वैद्य जाँ आस्त्र्युक याने 1753 मध्ये अशा फरकांवरून ‘उत्पत्ती’मागे निरनिराळी जुनी टिपणे असावीत असा तर्क मांडला, आणि एकोणिसाव्या शतकात युलियस वेलहाउझेनने त्या विचाराला भक्कम रूप दिले. प्रलयकथा हे या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण. तिच्यात दोन कथने एकत्र गुंफलेली आहेत असे ही परंपरा मानते. एकातल्या देवाला पस्तावा होतो, त्याच्या मनाला यातना होतात, तारवाचे दार तो स्वतः लावतो, होमाचा सुवास घेतो. दुसरे कथन याजकी वळणाचे आहे. त्याला मापे, तारखा आणि वंशावळी यांची आवड, आणि माणसाच्या मनापेक्षा पृथ्वीवर माजलेला हिंसाचार त्याला अधिक सलतो. या विभागणीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी, की दोन्ही कथने एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. पहिले संपते ते वेदीपाशी, देवाने मनाशी केलेल्या निश्चयावर. दुसरे संपते ते नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि यच्चयावत सजीवांशी केलेल्या करारावर. लेखकांचे स्वभाव इतके भिन्न, तरी तारू डोंगराला टेकले म्हणजे गोष्ट संपली, असे दोघांपैकी एकालाही वाटले नाही. उम्बेर्तो कासुतोने या चिरफाडीला विरोध केला, आणि 1978 मध्ये गॉर्डन वेनमने दाखवले की कथेच्या पूर्वार्धातले टप्पे उत्तरार्धात उलट क्रमाने परत येतात व बरोबर मध्यावर देवाला नोहाची आठवण झाल्याचे वाक्य आहे. दोन कथनांचे मत मला अधिक पटते, हे लपवत नाही. पण वेनमचे खरे मानले तरी माझा मुद्दा ढळत नाही. अशी काटेकोर रचना करणाऱ्या एकाच हाताने सुरुवातीला आणि शेवटी तेच कारण ठेवले असेल, तर ते चुकून राहिले असे म्हणण्याची सोयही उरत नाही.

या कथेकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलली ती 3 डिसेंबर 1872 रोजी. त्या दिवशी लंडनमध्ये, पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसलेले असताना, जॉर्ज स्मिथ याने निनवे येथील असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहातल्या मातीच्या पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला. स्मिथ मुळात नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेला कारागीर. कीलाक्षर लिपी तो फावल्या वेळात शिकला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला. त्या पाटीवर, म्हणजे गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर, प्रलय होता, नौका होती, डोंगरावर टेकणे होते, एकामागून एक सोडलेले पक्षी होते आणि शेवटी होमही होता. या कथेचे अधिक जुने रूप ‘अत्रहासिस’ नावाच्या अक्कादी काव्यात आहे. त्याच्या प्रती इ.स.पू. सतराव्या शतकातल्या, लँबर्ट आणि मिलर्ड यांनी त्याची आवृत्ती 1969 मध्ये प्रसिद्ध केली. देवांना कष्ट नकोत म्हणून माणूस घडवला जातो. माणसे वाढतात, त्यांच्या गलक्याने एन्लिल या देवाची झोप उडते. तो आधी रोगराई पाठवतो, मग दुष्काळ, आणि कशानेच गलका थांबत नाही तेव्हा पूर. एन्की, ज्याला एआही म्हणतात, बोरूच्या कुडाआडून आपल्या भक्ताला सावध करतो. पूर आल्यावर ज्या देवीने माणसे घडवली ती आक्रोश करते. नैवेद्य देणारे कोणी न उरल्यामुळे देवांची उपासमार होते, आणि पहिला होम होताच ते माशांसारखे घोंगावत येतात. हे सगळे हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. त्यातल्या एआचे बोलणे तर ‘उत्पत्ती’तल्या कुठल्याही संभाषणाइतके प्रगल्भ आहे: ज्याने पाप केले त्याला त्याच्या पापाची शिक्षा दे, सरसकट सगळ्यांना बुडवू नकोस, असे तो एन्लिलला सर्व देवांसमोर सुनावतो.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, या कथेत दयेला आणि क्रोधाला वेगवेगळे देव आहेत. एक बुडवतो, दुसरा वाचवतो, तिसरी रडते, आणि त्यांच्या भांडणातून माणसाचा जीव कसाबसा वाचतो. इब्री कथाकाराकडे देव एकच. त्यामुळे एन्लिलचा संताप, देवीचा शोक आणि एआची कानउघाडणी हे सारे त्याला एकाच मनात सामावून घ्यावे लागले. बुडवण्याआधीच ज्याला यातना होतात, ज्याला कोणी अडवणारा नाही आणि जो शेवटी स्वतःच स्वतःला अडवतो, असा देव त्यातून उभा राहिला. एकेश्वरवादाची ही किंमत आहे, आणि कमाईही. फ्रीडरिश डेलिट्श याने 1902 मध्ये बर्लिनला, सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या उपस्थितीत, बायबल हे बाबेलची उसनवारी असल्याचे ठणकावून सांगितले तेव्हा मोठा गदारोळ झाला. उसनवारी नाकारण्यात अर्थ नाही; पक्षी सोडण्याचा प्रसंग दोन ठिकाणी योगायोगाने सुचणार नाही. परंतु उसने घेतलेल्या कथेत काय बदलले हे पाहिल्यावाचून तो निकाल अपुरा राहतो. तिथे कारण गलका होते, इथे हिंसाचार आहे. गलका म्हणजेच बंडखोरी, असे सांगून दोन्ही कथांतले अंतर कमी करू पाहणारे अभ्यासक आहेत, पण काव्यात एन्लिलची तक्रार झोपेची आहे हे विसरता येत नाही. शेवटाकडे तर दोन कथा उलट दिशांना जातात. ‘अत्रहासिस’च्या शेवटी देव माणसांची वाढ रोखण्याची व्यवस्था करतात: काही स्त्रियांना वांझपण, तान्ह्या बाळांना पळवणारी राक्षसी. ‘उत्पत्ती’त देव नोहाला सांगतो की फळा, बहुगुणित व्हा, पृथ्वी भरून टाका. टिक्वा फ्रायमर-केन्स्की हिने हा विरोध 1977 मध्ये फार नेटकेपणाने मांडला. तिने पुढचा दुवाही दाखवला: वाढीला आळा घालण्याऐवजी इथे कायदा येतो. रक्तासकट मांस खाऊ नये, आणि माणसाचे रक्त सांडणाऱ्याचा झाडा माणसांकडूनच घेतला जाईल. प्रलयाचे हत्यार देवाने खाली ठेवले आणि न्यायाचे काम माणसाच्या हाती आले. या शपथेला मी भाबडी करुणा समजत नाही ते यामुळेच. तिच्या पाठोपाठ जबाबदारी येते.

नंतरच्या धर्मपरंपरांनी या कथेचे काय केले हे पाहणे उद्बोधक आहे, कारण तिची अडचण सर्वांनाच टोचली होती. मूळ कथेत बुडणाऱ्यांना एका शब्दाचीही सूचना मिळत नाही. नोहा एक अक्षर बोलत नाही. चार अध्यायांत त्याच्या तोंडी पहिले वाक्य येते ते प्रलय संपल्यावर, दारूच्या नशेतून जागे झाल्यावर, आणि तेही शापाचे. ही रिकामी जागा प्रत्येकाने आपापल्या परीने भरली. तारू बांधायला एकशेवीस वर्षे लावली ती लोकांनी विचारावे आणि पश्चात्ताप करावा म्हणून, असे यहुदी भाष्यकार राशी सांगतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात नोहा नीतिमत्त्वाचा उपदेशक झाला आहे. कुराणात तर नूह साडेनऊशे वर्षे आपल्या लोकांत राहतो, रात्रंदिवस त्यांना बोलावतो, आणि तिथे त्याचा एक मुलगाही तारवात न येता बुडतो; बाप त्याच्यासाठी देवाकडे शब्द टाकतो आणि त्याला गप्प केले जाते. सर्व परंपरा मिळून एकच गोष्ट कबूल करतात, की पूर्वसूचनेशिवाय दिलेली शिक्षा त्यांच्या न्यायबुद्धीला पचत नव्हती. यहुदी परंपरा याहून धीट आहे. नोहा त्याच्या पिढीत नीतिमान होता या शब्दांवर राशी नोंदवतो की काहींच्या मते ही स्तुती आहे, तर काहींच्या मते अब्राहामच्या काळात असता तर त्याला कोणी विचारले नसते. ‘झोहार’ हा गूढवादी ग्रंथ आरोप थेट करतो: सदोमासाठी अब्राहाम देवाशी हुज्जत घालतो, सोन्याच्या वासरानंतर मोशे स्वतःचे नाव पणाला लावतो, आणि नोहा मुकाट्याने आत जाऊन बसतो. ख्रिस्ती परंपरेत भर वेगळ्या ठिकाणी पडला. पेत्राच्या पहिल्या पत्राने तारवातल्या आठ जणांत बाप्तिस्म्याची खूण पाहिली, कार्थेजच्या सिप्रियनने तारू म्हणजे मंडळी असे म्हटले, आणि ऑगस्टीनने ‘देवनगरी’त ते रूपक तारवाच्या लांबी-रुंदीपर्यंत नेले. या रूपकाने अनेकांना धीर दिला असेल, पण त्यामुळे लक्ष पुन्हा आतल्या आणि बाहेरच्या लोकांच्या वाटणीकडे गेले. करार सर्व सजीवांशी झाला होता. रूपकाने तो सभासदांपुरता आवळला.

माझ्या वाचनावर गंभीर आक्षेप घेता येतात. तत्त्वज्ञानाचा आक्षेप असा की देवाला पस्तावा कसा होईल? अलेक्झांड्रियाच्या फायलोला हा प्रश्न इतका छळत होता की देवाच्या अविकारीपणावर त्याने याच ओळींच्या निमित्ताने एक पूर्ण ग्रंथ लिहिला; पुढे कॅल्विननेही म्हटले की ही भाषा आपल्या आकलनासाठी खाली आणलेली आहे. असू शकेल. परंतु कथा तोलली आहे तीच मुळी या बदलावर. तो केवळ बोलण्याची तऱ्हा ठरवला की शपथही बोलण्याची तऱ्हा होते, आणि ते या दोघांनाही परवडणार नव्हते. दुसरा आक्षेप शास्त्रातूनच येतो. सदोमावर पुढे अग्नी पडतोच, आणि पेत्राचे दुसरे पत्र सध्याचे जग अग्नीसाठी राखून ठेवले आहे असे बजावते; मग शपथ फक्त पाण्यापुरती होती काय? नवव्या अध्यायात करार पाण्याच्या प्रलयाविषयी आहे हे खरे. मात्र आठव्या अध्यायातला निश्चय त्याहून मोठा आहे: सर्व जिवांचा संहार नाही, आणि पेरणी-कापणी, थंडी-ऊन, दिवस-रात्र थांबणार नाहीत. न्याय संपला असे तिथे कोणी म्हणत नाही. सरसकट विनाश हा न्यायाचा मार्ग उरणार नाही, एवढेच म्हटले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत जड. जे बुडाले त्यांना या दयेचा काय उपयोग? लेकरांचे काय? पशूंनी काय केले होते, हा प्रश्न तर तालमूदमध्येच विचारला आहे, आणि तिथले उत्तर असे की मुलाच्या लग्नासाठी मांडव घालणारा बाप मुलगाच गेल्यावर मांडव मोडून टाकतो. उत्तर हृदयद्रावक आहे, समाधानकारक नाही. दुसऱ्या शतकातल्या मार्सियनने अशा अडचणींतून सुटण्यासाठी न्याय करणारा देव एक आणि प्रेम करणारा देव दुसरा असे ठरवून टाकले. म्हणजे बाबेलची वाटणीच पुन्हा मागच्या दाराने आणली. माझे म्हणणे मर्यादित आहे. शपथेमुळे बुडालेल्यांचा हिशेब चुकता होत नाही, आणि कथा तसा दावाही करत नाही. धनुष्य देवाने स्वतःला आठवण राहावी म्हणून ठेवले, असे ती सांगते. ज्याला आठवणीची खूण ठेवावी लागते, त्याने केलेले कृत्य विसरण्याजोगे नव्हते.

मराठी वाचक या कथेकडे येतो तो मनू आणि मत्स्याची गोष्ट मनात घेऊन. शतपथ ब्राह्मणात ती आहे: हात धुण्याच्या पाण्यात आलेला लहानगा मासा, त्याला मनूने वाढवणे, मग त्याच्या शिंगाला नाव बांधून उत्तरेच्या पर्वताकडे जाणे. तिथे प्रलय कोणाच्या पापामुळे येत नाही. तो येणार असतो म्हणून येतो, आणि पुराणांनी पुढे त्याला कालचक्रात बसवले. त्यामुळे ‘प्रलय’ म्हटले की आपल्या कानाला कल्पान्त ऐकू येतो, खटला नव्हे. नोहाच्या कथेत मात्र काळ फिरून परत येत नाही. एकदा झाले ते पुन्हा होणार नाही, हाच तिचा आग्रह. या भूमीत ती काही नवखी नाही. फादर थॉमस स्टीफन्सने जुन्या कराराचा इतिहास ओवीत बांधला, आणि त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. कोकणातले बेने इस्रायली दरवर्षी शरदात नोहाचा पाठ वाचतात, आणि त्याच्या जोडीला यशयाचा चौपन्नावा अध्याय येतो. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना तिथे सांगितले आहे की हे नोहाच्या पाण्यासारखेच आहे, तेव्हा जशी शपथ वाहिली तशी आताही वाहतो. सर्वस्व बुडालेल्या लोकांनी या कथेतून काय उचलले, याचा इतका जुना पुरावा दुसरा नाही. त्यांनी तारू उचलले नाही, शपथ उचलली.

तारू आणि प्रलयाचे पुरावे शोधणाऱ्यांना मी फार जागा देणार नाही. आर्चबिशप अशरने प्रलयाचे साल इ.स.पू. 2348 ठरवले, भूवैज्ञानिक बकलंडने 1823 मध्ये गुहांतल्या हाडांत त्याची साक्ष पाहिली, सेजविकने 1831 मध्ये भूवैज्ञानिकांच्या सभेत ते मत जाहीरपणे सोडले. लिओनार्ड वूलीला ऊर येथे 1929 च्या सुमारास गाळाचा जाड थर सापडला, पण शेजारच्या शहरांतले पुराचे थर वेगवेगळ्या काळांतले निघाले. तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात मोठे पूर येत होते हे उघड आहे. त्यावरून न्यायाविषयी किंवा दयेविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आजच्या घडीला ही कथा कशाला वाचायची? आपत्तीला देवाची शिक्षा म्हणण्याची सवय गेलेली नाही म्हणून. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधींनी ती ‘हरिजन’मध्ये छापून उत्तरही दिले. गांधींचा हेतू निर्मळ होता, पण भूकंपात गाडले गेलेल्यांत अस्पृश्यही होते, आणि तिथे रवींद्रनाथांचेच खरे होते. आपत्तीचा दोष बुडणाऱ्यांच्याच माथी मारणारे आज त्याहून कमी निर्मळ हेतूने बोलतात. बायबलमधले संदेष्टे दुष्काळाला देवाचा कोप म्हणत होते, हा दाखला मला दिला जाईल; परंतु ते बहुतेक वेळा आपल्याच राजांना आणि सावकारांना खडसावत होते, शेजाऱ्याच्या प्रेतावर प्रवचन करत नव्हते. याच्या उलट टोकही आहे. 2009 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील जॉन शिम्कस यांनी हवामानबदलावरच्या समितीच्या बैठकीत आठव्या अध्यायातली हीच शपथ वाचून दाखवली आणि पृथ्वी पुराने नष्ट होणार नाही असा निर्वाळा दिला. शपथ देवाने स्वतःला घातली होती. माणसाला त्यातून मोकळीक मिळाली नाही. उलट पुढच्याच अध्यायात त्याला जिवाचा जाब विचारला आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी नोहाने कनानला दिलेला शाप उचलून अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी तिला देवाची संमती मिळवून दिली. एवढ्याशा मजकुराचा एवढा गैरवापर झाला असेल, तर तो मजकूर नीट वाचणे हे केवळ पंडितांचे काम राहत नाही.

हे पुस्तक नेमके तेच करू पाहते. सुमेर-अक्कादची काव्ये, इब्री मजकूर, रब्बींचे वाद, चर्चच्या आचार्यांची रूपके, कुराणातला नूह आणि आधुनिक अभ्यासकांची मते त्यात शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत, आणि त्यांची भांडणे मिटवण्याचा प्रयत्न मुद्दाम टाळला आहे. श्रद्धाळू वाचकाला काही पाने बोचतील. ज्याला धर्मग्रंथ म्हणजे भाकडकथा वाटतात त्यालाही काही बोचतील. माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाणारे लेखही यात आहेत, आणि ते असावेत असाच माझा आग्रह होता. वाचकांना एकच विनंती. पुस्तक उघडण्याआधी ‘उत्पत्ती’चे सहा ते नऊ हे अध्याय एका बैठकीत वाचून काढावेत. 1924 चे पंडिता रमाबाईंचे भाषांतर हाती लागले तर उत्तम, नाहीतर घरात असेल ते मराठी बायबल चालेल. अर्धा तासही लागणार नाही. आठव्या अध्यायाच्या शेवटच्या तीन वचनांपाशी खूण घालून ठेवावी; पुढच्या पानांवर त्यांच्याकडे वारंवार परतावे लागणार आहे.